प्रवेशपत्रावरचं स्पॅनिश नीट वाचा

स्पेनमधल्या विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबरमध्ये भरतात, त्यामुळे उन्हाळा आला की माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागते. मी सालामांकात शिकले आणि आता पुण्यात स्पॅनिश शिकवते. या वेळी सगळ्यांच्या उपयोगाचे पाच प्रश्न घेतले आहेत.

मुलीला माद्रिदहून एक वर्षाच्या ‘मास्टर’साठी प्रवेशपत्र आलं आहे. 60 क्रेडिट आहेत. पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा आहे. एजंट म्हणतो, सगळं मान्यताप्राप्त आहे. भरू का? – एक पालक, कोल्हापूर

आज भरू नका. आधी प्रवेशपत्रावर पदवीचं स्पॅनिश नाव काय छापलंय ते बघा. स्पेनमध्ये मास्टर दोन जातीचे असतात. ‘मास्तेर ओफिथ्याल’ किंवा ‘मास्तेर उनिवेर्सितारिओ’ असेल तर पदवी सरकारमान्य, आणि तिच्या जोरावर पुढे पीएचडीला जाता येतं. ‘तीतुलो प्रोप्यो’ असेल तर ती विद्यापीठाची स्वतःची, म्हणजे घरच्या शिक्क्याची पदवी. 2021 च्या नियमांनंतर यातल्या काही अभ्यासक्रमांना ‘मास्तेर दे फोर्माथ्योन पेर्मानेंते’ असं भारदस्त नाव मिळालं. ‘मास्तेर’ हा शब्द तिथेही आहे, 60 क्रेडिटही तिथे असतात, म्हणून नुसते क्रेडिट मोजून काही कळत नाही.

एजंट खोटंच बोलतोय असंही नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त असतं, तेवढं सांगून तो थांबतो. पदवीबद्दल तुम्ही विचारलेलं नसतं. स्पेन सरकारची ‘रुक्त’ नावाची नोंदवही आहे, तीत विद्यापीठं आणि सरकारमान्य पदव्या दोन्ही सापडतात, आणि ती इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथे पदवीचं नेमकं नाव घालून शोधा. सापडलं तर हप्ता भरायला हरकत नाही.

घरची पदवी टाकाऊ असते असं मी म्हणणार नाही. नोकरीतला माणूस वर्षभर एखादं कौशल्य शिकायला जात असेल तर तीही चालते. पण मुलीला परत येऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर समकक्षतेचा, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे असा, कागद मागतील, आणि तिथे गाडी अडेल.

माझा कोर्स बार्सिलोनात, पूर्ण इंग्रजीत आहे. स्पॅनिश शिकायलाच हवं का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

वर्गापुरतं नाही, बाकी दिवसासाठी हवं. घरमालक, दवाखाना, पोलिसांकडे परदेशी माणसाचं ओळखपत्र काढायची रांग, यातलं काहीही इंग्रजीत चालेल असं धरून जाऊ नका. हे ओळखपत्र, म्हणजे ‘तिए’, सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला पोचल्यापासून महिन्याभरात मागावं लागतं. त्याआधी बहुतेकदा नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘एंपाद्रोनामिएंतो’ म्हणतात. खोली बघायला जाल तेव्हा भाड्याआधी हेच विचारा, कारण काही मालक ही नोंद करू देत नाहीत.

बार्सिलोनात आणखी एक गोष्ट आहे. तिथे कातालान ही तिथली स्थानिक भाषाही चालते, वर्गातसुद्धा. एखादा वैकल्पिक विषय घेताना तो कोणत्या भाषेत शिकवतात हे विषयाच्या माहितीपत्रात बघून घ्या.

भाषेला मात्र घाबरू नका. त, द आपल्यासारखेच दातांवर. नामाला लिंग असतं याचं मराठी माणसाला नवल नाही, उलट एक लिंग कमीच. ‘तू’ला तर ‘तू’च म्हणतात! अडचण वेगळीच येते. तिथे प्राध्यापकांनाही सर्रास ‘तू’ म्हणतात, आणि आपली जीभ ‘अहो सर’वरून हलत नाही. मला पहिलं सत्र पुरलं नाही.

व्हिसाच्या अर्जावर आडनावाचे दोन रकाने आहेत. दुसऱ्यात वडिलांचं नाव लिहू का? – एक विद्यार्थी, सातारा

अजिबात नको. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात: पहिलं साधारणपणे वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. तुम्ही वडिलांचं नाव तिथे घातलंत तर ते तुमच्या आईचं माहेरचं आडनाव होऊन बसेल. पासपोर्टवर जे आडनाव आहे ते पहिल्या रकान्यात, दुसरा कोरा. वडिलांचं आणि आईचं नाव लिहायला त्यांच्या बऱ्याच सरकारी फॉर्मवर वेगळी जागा असते.

माझ्या बाबतीत एका बँकेतल्या कारकुनाने माझं तीन शब्दांचं नाव बघितलं, पहिला शब्द नाव धरला आणि उरलेली दोन आडनावं. हाक मारताना ते पहिलंच आडनाव घेतात. दोन वर्षं त्या बँकेत मी ‘सेन्योरा सुरेश’ होते. हसण्यावारी नेलं, पण शिष्यवृत्तीचे पैसे नाव जुळेना म्हणून परत गेले तेव्हा हसू आलं नाही. प्रत्येक ठिकाणी फॉर्म भरून झाला की पडद्यावर काय टाइप झालंय ते वाचून घ्या.

शिकता शिकता काम करून खर्च भागेल का? – एक वाचक, मडगाव

विद्यापीठात शिकणाऱ्याला आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येतं. खर्च त्यावर मांडू नका. व्हिसासाठी दरमहा किती पैसे दाखवायचे ते ‘इप्रेम’ या सरकारी आकड्यावर ठरतं, आणि 2023 मध्ये तो 600 युरो झाला. माद्रिदमध्ये तेवढ्यात एखादी खोली मिळते, जेवणाचं वेगळं बघायचं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. मुलाचं कसं होईल? – एक आई, सांगली

होईल. पण ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, एवढ्यावर थांबायला त्याला सांगू नका. रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’मध्ये मासे धरत नाहीत, आणि हॅमला त्यांच्याकडे ‘खामोन’ हे वेगळं नाव आहे. साधं सॅलड मागवलं तर वर ट्यूना पसरून येतो. ‘नी पेस्कादो, नी खामोन, नी आतून’ – मासे नको, हॅम नको, ट्यूना नको – हे त्याच्याकडून पाठ करून घ्या. तोर्तिया म्हणजे बटाटा आणि अंडी, तेव्हा अंडं चालतं का ते घरीच ठरवा.

घरी रांधलं तर चंगळ आहे. शिजवलेले छोले काचेच्या बरणीत मिळतात, मसूर कुठल्याही दुकानात, जिरंही मिळतं. गोडा मसाला तेवढा बरोबर द्या. मसुराला ‘लेंतेखास’ म्हणतात, आणि खानावळीत त्या नावाची वाटी समोर आली की चमचा आधी तळाशी फिरवायचा. लाल तवंग दिसला तर खाली चोरीथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, असणारच.