पणजोबा शोधायला निघालायस ना, मग हे वाच

अरे, जुन्या सरकारी कागदांसाठी थेट काळा घोड्याच्या पुराभिलेखागाराला पळू नकोस. आधी घरातली ट्रंक उघड, शाळेचा दाखला, जुनं रेशनकार्ड, चाळीची भाडेपावती जे मिळेल ते, आणि आत्याला फोन कर, तिला सगळं पाठ असतं. मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं, तिथे आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, आहे का विचार. एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमधलं ते पुराभिलेखागार नंतर, कारण तिथे कागद माणसाच्या नावाने नाही तर सरकारी खातं आणि वर्ष बघून लावलेत, नुसतं 'सावंत' म्हणून काय घंटा सापडणार? पणजोबा सरकारी नोकरीत असतील तर मात्र मजा आहे, खातं धरून शोधता येईल. आणि जुन्या कागदांची मोडी लिपी शीक बाबा, मी तीन महिने घासली तेव्हा कुठे एक सही वाचता आली!