वाचकांचे प्रश्न : खासगी लॉ कॉलेज म्हणजे नेमके कोणाचे?

प्रश्न : माझी मुलगी पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात प्रवेश घेऊ इच्छिते. नातेवाईक म्हणतात, ‘ते खासगी आहे, सरकारी बघा.’ हे महाविद्यालय कोणी व कशासाठी काढले आणि ‘खासगी’चा येथे काय अर्थ घ्यावा?

उत्तर : आपल्या नातेवाइकांचा शब्द चुकीचा नाही, परंतु आज ‘खासगी’ म्हटले की एखाद्या मालकाचे, भरमसाट शुल्काचे महाविद्यालय डोळ्यांसमोर येते. तो अर्थ या संस्थेला लावला तर तिचा इतिहासच नजरेआड होतो.

मुंबईत कायद्याचे रीतसर शिक्षण 1855 मध्ये सुरू झाले आणि त्यातूनच तेथील शासकीय विधी महाविद्यालय उभे राहिले. पुण्याकडे वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग होते. लोकमान्य टिळकांनी चालवलेला लॉ क्लास त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. मात्र असा वर्ग चालवणाऱ्या व्यक्तीच्या वेळेवर आणि प्रकृतीवर अवलंबून असतो, त्याला विद्यापीठाची पदवी देता येत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणारे ग्रंथालयही त्याच्याजवळ नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी 1923 मध्ये पुण्यात इंडियन लॉ सोसायटी (आयएलएस) स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, 1924 च्या जूनमध्ये, तिचे लॉ कॉलेज सुरू झाले. ते कोणा एका घराण्याचे नव्हते आणि सरकारनेही काढलेले नव्हते. सोसायटीने काढले म्हणून ते खासगी. फर्ग्युसनसारखी महाविद्यालये पुण्यात याच रीतीने उभी राहिली होती, त्यामुळे त्या काळच्या पुणेकरांना या शब्दात वावगे काही वाटले नसावे.

पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. ते मुंबई उच्च न्यायालयाचे वकील होते आणि हिंदू धर्मशास्त्राच्या मूळ संस्कृत ग्रंथांचे संपादन व भाषांतर हे त्यांनी आयुष्याचे काम मानले होते. हा केवळ पांडित्याचा छंद नव्हता. वारसा, दत्तक, एकत्र कुटुंबाची वाटणी यांचे निकाल तेव्हा याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेच्या आधारे लागत, तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात ‘व्यवहारमयूख’ या दुसऱ्या धर्मशास्त्रग्रंथाला अधिक मान होता. म्हणजे एखाद्या विधवेला जमिनीत काय मिळणार, हे संस्कृतातल्या एखाद्या ओळीच्या अर्थावर ठरू शकत होते. अशा काळात मूळ ग्रंथ वाचू शकणारा वकील प्राचार्य म्हणून लाभणे, ही माझ्या मते या महाविद्यालयाच्या इतिहासातील सर्वांत भाग्याची गोष्ट होय.

आपण मुलीसाठी विचारले आहे, म्हणून एक योगायोग सांगतो. स्त्रियांना वकिली करण्यास असलेली आडकाठी कायद्याने दूर झाली तीही 1923 मध्येच, म्हणजे सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी 1926 मध्ये येथून एलएलबी केले आणि 1964 मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. 1978 ते 1985 अशी दीर्घकाळ सरन्यायाधीशपदी असलेले यशवंत विष्णु चंद्रचूड हेही येथलेच विद्यार्थी. दरम्यान महाविद्यालय मुंबई विद्यापीठाकडून पुणे विद्यापीठाकडे आले आणि पदवीनंतरच्या अभ्यासक्रमाला बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची जोड मिळाली. एरंडवण्यातील त्याच्या आवारावरून शेजारच्या रस्त्याला आणि टेकडीलाही लॉ कॉलेजचेच नाव पडले.

आता व्यवहाराचे. सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मिळण्याच्या दृष्टीने सरकारी व खासगी असा भेद नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार महत्त्व आहे ते बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेला. राज्यातील विधी महाविद्यालयांचे प्रवेश 2016 पासून सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात, त्यामुळे महाविद्यालय सरकारी असो वा खासगी, गुणवत्ता यादीतूनच जावे लागते. शुल्कात मात्र मोठा फरक पडतो तो ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ या शब्दांमुळे, आणि एकाच महाविद्यालयात एक अभ्यासक्रम अनुदानित व दुसरा विनाअनुदानित असू शकतो. पर्याय भरण्यापूर्वी तीन वर्षांचा की पाच वर्षांचा हे ठरवून त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची स्थिती महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावी.