एलायझावरून एसपीआरकडे: निघण्याआधी काय शिकाल

अंधेरीच्या लॅबमध्ये दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम१ (बुरशीचं विष, जनावराच्या खाद्यातून दुधात उतरतं) एलायझाने (अँटिबॉडीवर चालणाऱ्या रंगचाचणीने) तपासता, आता नेदरलँड्समध्ये वॅगनिंगेनला एसपीआर या ऑप्टिकल बायोसेन्सरवर (सोन्याचा थर दिलेल्या चिपवर काय येऊन चिकटतं ते प्रकाशाने मोजणारं यंत्र) काम करायचंय, तर निघण्याआधी काय शिकावं, असं विचारलंत. मशीन तुम्ही इथे वॅगनिंगेनला आलात की दोन दिवसांत हाताला बसतं. दूध आणि चिप बसत नाही, ते तिकडेच गिरवा.

दुधातल्या एम१साठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपीय संघाची ०.०५. तिकडे खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

एम१चा रेणू जेमतेम ३२८ डाल्टनचा. तो सोन्याच्या थरावर नुसता येऊन बसला तर सिग्नल जवळजवळ हलत नाही. म्हणून उलटा डाव: चिपवर एम१-बीएसए (बीएसए या प्रथिनाला जोडलेलं एम१, म्हणजेच कॉन्ज्युगेट) चिकटवायचं, दुधात मोजून अँटिबॉडी घालून ते सोडायचं. दुधातलं विष अँटिबॉडीला आधीच अडवतं, म्हणून विष जास्त, सिग्नल कमी. काँपिटिटिव्ह एलायझा केलंत, म्हणजे हे कळतंच.

चिकटवताना चिपला जोडणीसाठी तयार करणारी रसायनं, ०.४ मोलर ईडीसी आणि ०.१ मोलर एनएचएस, ऐनवेळी समप्रमाणात मिसळून ७ मिनिटं सोडा. मग १० मिलिमोलर अ‍ॅसिटेट बफरमध्ये, पीएच ४.५च्या आसपास, कॉन्ज्युगेट. उरलेल्या जागा बुजवायला १ मोलर इथेनॉलअमाइन, पीएच ८.५. कॉन्ज्युगेटच्या कुपीत ट्रिस (एक बफर) असेल तर आधी डायलिसिस करा, नाहीतर ट्रिसच चिपवर जागा अडवतं. ईडीसी ओल धरतं: जुलैत फ्रीजरमधून काढून लगेच बाटली उघडलीत की आत दव धरतं. अर्धा तास बाहेर ठेवा, मग झाकण फिरवा.

दूध ४ अंशांवर ३,००० जी-ने १० मिनिटं फिरवा आणि साय न हलवता खालून सिरिंजने ओढा. म्हशीचं असेल तर दोनदा. फॅट राहिलं की ते चिपला चिकटतं आणि बेसलाइन (नमुना नसतानाचा सिग्नल) प्रत्येक नमुन्याला वर सरकते. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेला आलेख) बफरमध्ये नव्हे, तसंच फॅट काढलेल्या, विष नसलेल्या दुधात काढा. बफरमधल्या कर्व्हवर दुधाचे आकडे हमखास चुकतात.

प्रत्येक नमुन्यानंतर चिप धुवायला १० मिलिमोलर ग्लायसिन-एचसीएल, पीएच २, अर्धा मिनिट. बेसलाइन चढत गेली तर धुणं कमी पडतंय, उतरत गेली तर कॉन्ज्युगेट निघतंय.

तापमान एक अंश हललं तरी सिग्नलमध्ये साधारण १०० युनिटांचा फरक दिसतो, तेव्हा एसीचा झोत मशीनवर नको.

पॉझिटिव्ह आलेला नमुना एलसी-एमएसवर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारी चाचणी) पक्का केल्याशिवाय कळवू नका. आणि तुलनेसाठी म्हणून मुंबईचं दूध बॅगेत टाकू नका, युरोपीय संघात बाहेरचं दूध प्रवासी सामानातून आणता येत नाही.