त्यांची गोष्ट मागू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. बांगलादेशातल्या कुतुपालाँगच्या निर्वासित छावणीत रोहिंग्या मुलांचं नाटक बसवायचं, २० जूनला जागतिक निर्वासित दिनाचा प्रयोग, आणि वरून आग्रह असा की मुलांनी म्यानमारमधून पळून आल्याची स्वतःची हकीकत करून दाखवावी. मुलं गप्प बसतात, त्यांना बोलतं कसं करू, असं तू विचारतेस. पोरी, बोलतं करूच नकोस. त्यांची गोष्ट मागायची नाही.

ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून कॉक्सबाजारला आले. आज तेरा-चौदा वर्षांचं असलेलं पोर तेव्हा अगदीच लहान असेल. स्वतःला आठवतं ते कुठलं आणि घरच्यांकडून ऐकलेलं कुठलं, हे त्यालाही सांगता यायचं नाही. तरी तू मागितलीस तर ते देईल. विचारणाऱ्याला उत्तर दिलं की काहीतरी पदरात पडतं, हे छावणी फार लवकर शिकवते. याला संमती म्हणत नाहीत.

मग नाटक कशाचं? मनाने रचलेल्या माणसाचं. पंधरा ते अठरा मुलं घे, त्याहून जास्त नकोत, आणि नव्वद मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नकोस. दोरीने गोल आखून घे. मधे एक गमछा, एक रिकामी बादली, एक मोडकी छत्री आणि हातभर बांबू ठेव. ही छत्री कोणाची, एवढंच विचार. एक मूल एक वाक्य जोडेल, दुसरं पुढचं. दोन फेऱ्यांत एक म्हातारी किंवा एखादा मासेवाला उभा राहतो. त्याला काय हवंय आणि आडवं कोण येतंय, हे ठरलं की तीन-तीन मिनिटांचे प्रवेश करायला लाव. आधी नुसती स्थिर चित्रं, म्हणजे मुलं पुतळ्यासारखी उभी, मग त्यांत हालचाल, संवाद सगळ्यात शेवटी. घाईघाईने संवादावर उडी मारलीस तर दोन वाचाळ मुलं नाटक बळकावतील आणि बाकीची भिंतीला टेकतील.

जॉर्डनमधल्या झातारी छावणीत २०१४ साली नवार बुलबुल या सीरियन नटाने शंभरेक मुलांना घेऊन शेक्सपिअरचा 'किंग लिअर' केला. राजा, त्याच्या तीन मुली, खोटी स्तुती. युद्धातून आलेल्या मुलांकडे युद्ध न मागता केलेलं ते नाटक होतं. तुझ्या वरिष्ठांना हे उदाहरण दे.

सोबत रोहिंग्या स्वयंसेवक हवाच. त्यांची बोली बांगलादेशातल्या चाटगावच्या बोलीला जवळची, पण प्रमाण बांगला बोलणाऱ्याला ती पुरती कळत नाही. त्याला दुभाषा म्हणून कोपऱ्यात बसवू नकोस, निम्मं सत्र त्यालाच घेऊ दे. वयात आलेल्या मुली पडद्यात असतात. त्यांचा गट वेगळा, जागा आडोशाची, शिकवणारी बाई, आणि प्रयोग बायकांपुढेच. हे आधी आयांशी, इमामांशी आणि त्या ब्लॉकच्या 'माझी'शी, म्हणजे मुखियाशी, बोलून ठरव. कॅम्प-इन-चार्जची, म्हणजे छावणीच्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लेखी घे. यावर जास्त लिहीत नाही, तुला हे जमेल.

नाटकाच्या मागचा पडदा मात्र मुलांकडूनच रंगवून घे. ताडपत्रीवर रंगवू नकोस, पाण्याचा रंग घडी घातली की पापुद्र्यांनी सुटतो. तीन बाय दोन मीटरचा मांजरपाट घे, पांढऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या लेपाचे, दोन हात दे, दर हाताला लिटरभर लागेल. जूनच्या दमट हवेत पहिला हात रात्रभर वाळू दे, नाहीतर दुसरा हात देताना तो ब्रशाबरोबर उचलून येतो. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच डबे उघड. काळा शेवटच्या दिवशी, नाहीतर तासाभरात सगळा पडदा चिखलाच्या रंगाचा होतो. तैलरंग आणि टर्पेंटाइन आत नेऊ नकोस. बांबू-ताडपत्रीची वस्ती आहे, २२ मार्च २०२१ च्या आगीत हजारो झोपड्या गेल्या. ब्रश धुवायला तीन बादल्या ओळीने ठेव, पाणी लांबून डोक्यावर आणलेलं असतं. माणसांचे चेहरे काढलेले चालतील का, हे इमामांना आधी विचार. काय काढायचं, हे मुलांना ठरवू दे. इथेही घर काढा, गाव काढा असं सांगायचं नाही. तीसुद्धा गोष्ट मागणंच आहे.

आता तुझा खरा प्रश्न: मुलाने आपणहूनच ती गोष्ट आणली तर? न मागताही एखादं मूल होडी आणेल, बंदूक आणेल, खाली पडलेला माणूस आणेल. अडवू नकोस, खोदूही नकोस. "मग म्हातारीने काय केलं?" असं पात्राबद्दलच विचार. मूल थरथरायला लागलं किंवा एकदम गोठलं, तर खेळ थांबवून सगळ्यांना पाय आपटायला लाव, जमीन जाणवू दे. नंतर बालसंरक्षणाच्या कार्यकर्तीला त्याच दिवशी कळव. कोणाला सांगणार नाही, असं वचन मुलाला देऊ नकोस. डोळे बांधायचे खेळ, फटाक्यासारखे आवाज, दार लावून घेणं, हे सगळं वर्ज्य. शेवटची दहा मिनिटं राखून ठेव. तोच गमछा एकेकाने अंगावर घ्यायचा, उतरवून टोपलीत टाकायचा आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. वेळ कमी पडला म्हणून हे गाळतात, मग पोरं पात्र अंगावर घेऊन घरी जातात.

मला हट्टी म्हणतात, देणगीदारांची भाषा कळत नाही म्हणतात. म्हणू देत. आमच्या पिढीने पीडितांना व्यासपीठावर रडायला लावलं आणि त्याला जागृती म्हटलं, याची खंत मला आहे. प्रेक्षक हळहळून घरी गेले, पोरं तिथेच राहिली. म्हणून हा हट्ट मी सोडणार नाही आणि तूही सोडू नयेस. उद्देश कितीही चांगला असो, त्यांची गोष्ट मागायची नाही.

प्रयोग वीस मिनिटांचा, मोठ्या मुलींचा सोडून गल्लीतच, दुपारी ठेव. संध्याकाळी बाहेरच्या कार्यकर्त्यांना छावणी सोडावी लागते, आणि प्रयोगानंतर अर्धा तास मुलांपाशी बसायला तुला हवा. जाण्या-येण्याची वाट मोकळी सोड. फोटो पडद्याचे घेऊ दे, मुलांचे नको.

वरिष्ठांना पत्र आजच लिही. २० जूनला म्हातारीचं नाटक होईल, हवं असेल तर या, असं स्पष्ट लिही. ते रागावले तर माझं हे पत्र जसंच्या तसं पुढे पाठव. आणि मांजरपाट घेताना अर्धा मीटर जास्त घे, प्रायमर बसला की कापड आखडतं.