हनुवटीवरचे केस आणि लेसरचं पॅकेज

प्रश्न : माझं वय २६. हनुवटीवर आणि गळ्यापाशी राठ केस येतात. सात वर्षं दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करतेय. तिथली कातडी आता काळवंडली आहे, मधूनमधून पुटकुळ्याही येतात. पार्लरवाल्या ताई म्हणतात, सहा सिटिंगचं लेसर पॅकेज घे, केस कायमचे जातील. आई म्हणते, लेसरनं कॅन्सर होतो. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : आईंची काळजी आधी मिटवू. लेसर म्हणजे एक्स-रे नव्हे, तो नुसता प्रकाश आहे, एकाच तरंगलांबीचा. त्यानं कॅन्सर होत नाही.

दुपारी उन्हात लावलेल्या स्कूटीची काळी सीट आठव. काळा रंग प्रकाश शोषतो नि तापतो. केसातलं मेलॅनिन, म्हणजे त्याला काळा रंग देणारं द्रव्य, तसंच तापतं आणि ती धग मुळाला लागते. पण मेलॅनिन आपल्या कातडीतही असतं, तेही भरपूर. म्हणून सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग मशीन जास्त सुरक्षित. ते कातडीतल्या रंगाला कमी छेडतं. ८१० च्या आसपासचं डायोडही चालतं, पण हात जाणकाराचा हवा. माझ्याकडे एक मुलगी पायांवर डागांची रांग घेऊन आली होती, सगळे चौकोनी, मशीनच्या तोंडाच्या मापाचे, जणू फरशी बसवलीय. गोव्याला समुद्रावर चार दिवस रापून आली आणि त्याच आठवड्यात सिटिंग. उन्हात जाऊन आलीस का, एवढंही तिला कुणी विचारलं नव्हतं. ते डाग जायला कित्येक महिने लागले.

आता ‘कायमचे’ या शब्दाबद्दल. अमेरिकेतली एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, लेसरवाल्यांना केस ‘कायमचे कमी होतील’ एवढंच म्हणू देते, ‘कायमचे जातील’ नाही. केस आळीपाळीनं वाढतात. त्या दिवशी जे वाढीत असतील तेवढेच सापडतात. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ सिटिंग लागतात, पुढेही अधूनमधून एखादं. पांढऱ्या केसांत रंगच नाही, तिथे लेसर हात टेकतं. तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडायची. १८७५ साली चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रवैद्यानं डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ही युक्ती छापली. मुळापासून कायमचं काम करणारी ती खरी, पण भारी चिकाटीची.

थ्रेडिंग मात्र आजपासून बंद. दोऱ्यानं केस मुळासकट उपटला जातो, मग लेसरनं तापवायचं काय? काळवंडणं आणि पुटकुळ्याही बऱ्याचदा या ओढाताणीनंच होतात. मधल्या दिवसांत वस्तरा चालेल. हे सांगितलं की समोरची हमखास दचकते, “डॉक्टर, म्हणजे मी दाढी करू?” हो, कर. वस्तऱ्यानं केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून बोटाला जाड लागतं. सिटिंगच्या आदल्या दिवशी तर वस्तरा फिरवायचाच, नाहीतर वर राहिलेले केस जळतात, कातडीला चटका बसतो आणि खोलीभर जळक्या केसांचा वास सुटतो.

आणि तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस : पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर राठ केस म्हटलं की मी हेच आधी विचारते. पाळी लांबत असेल, वजन वाढत असेल, तर पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोनचा बिघाड, असू शकतं. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करून घे, गरज वाटली तर सोनोग्राफीही. हार्मोन बिघडलेलेच राहिले तर लेसर जुने केस घालवेल आणि मागून नवे राठ होत राहतील. पॅकेजवर पॅकेज घेत बसशील. गालावरच्या बारीक लवेला मात्र हात लावू देऊ नकोस. आपल्याकडच्या बायकांत तिथे लेसर फिरवून लव उलट राठ झालेली मी पाहिली आहे, पीसीओएस असलेल्यांत तर जास्तच.

पैसे एकरकमी भरू नकोस. मशीन कुठलं, चालवणार कोण, हे विचार. कानामागे किंवा जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच, म्हणजे जराशा जागेवर लेसरची चाचणी, करून घे आणि त्यानंतर निदान आठवडाभर थांब. जाताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा लिहून ने.