बिग टेनच्या बारा टीम, कप मात्र यूकॉनकडे

प्रश्न : ताई, मी दापोलीचा. पुतण्या शिकायला मिशिगनला गेलाय आणि तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नाही. त्याचं म्हणणं, बिग टेन सगळ्यात स्ट्राँग कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेज टीमचा गट, कारण २०२५ च्या एनसीएए या देशभरातल्या कॉलेज स्पर्धेत त्यांच्या १२ टीम होत्या आणि तो रेकॉर्ड आहे. मी म्हणतो कप बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या यूकॉनने (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) नेला, विषय संपला. कोण बरोबर?

उत्तर : काका, कोणीच नाही, पण तुमचं जास्त चुकतंय, राग मानू नका.

आधी तुमचंच घेते. यूकॉनने २०२५ ला सेमीफायनलला यूसीएलएला ८५-५१ आणि फायनलला साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं अक्षरशः धुतलं, ते सगळं मान्य. पण त्यात बिग ईस्टचं काय कर्तृत्व? त्या वर्षी बिग ईस्टमधून स्पर्धेत गेल्या दोनच टीम, यूकॉन आणि क्रेटन. आणि मागे जाऊन बघा, २०१३ ते २०२० यूकॉन अमेरिकन कॉन्फरन्समध्ये होती, त्या सात सीझनमध्ये कॉन्फरन्समधल्या एकाही टीमकडून ती हरली नाही, एकदाही नाही, आणि त्यातच २०१४, २०१५, २०१६ असे सलग तीन कप घेतले. तुमच्या हिशोबाने ती तीन वर्षं अमेरिकन कॉन्फरन्स देशात एक नंबर धरायला पाहिजे, आणि असं कोणी म्हटलं तर तुम्हीच पहिले हसाल. एक टीम भारी असणं वेगळं आणि कॉन्फरन्स भारी असणं वेगळं.

आता पुतण्याकडे वळू. १२ चा आकडा खरा आहे, पण बिग टेनमध्ये टीमच १८ आहेत हे तो सांगत नसणार. एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या १६ पैकी १० गेल्या, म्हणजे टक्केवारी काढली तर दोघं जवळपास सारखेच. आणि पुढे काय झालं ते तर त्याने ग्रुपवर टाकलंच नसेल. शेवटच्या १६ मध्ये बिग टेनच्या उरल्या तीन, यूसीएलए, यूएससी आणि मेरीलँड. एसईसीच्या सहा. बाकी एसीसी कॉन्फरन्सच्या चार, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या दोन आणि तुमची यूकॉन. १२ चे ३ आणि १० चे ६, हा फरक मला तरी मोठा वाटतो. त्या १२ मधली वॉशिंग्टन तर मुख्य ६४ मध्येसुद्धा पोचली नाही, फर्स्ट फोर या त्याआधीच्या पात्रता राउंडमध्येच कोलंबियाने तिला घरी पाठवलं, आणि कोलंबिया आयव्ही लीग या कॉन्फरन्सची, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपच देत नाहीत!

त्यातही त्या तीनपैकी यूसीएलए आणि यूएससी २०२४ मध्ये पॅक-ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स फुटली तेव्हा आलेल्या. म्हणजे बिग टेनने ताकद वाढवली कमी आणि आयती आणली जास्त. अर्थात एसईसीनेही तेच केलं, टेक्सस आणि ओक्लाहोमा त्याच वर्षी बिग ट्वेल्व्हमधून उचलल्या आणि दोघी शेवटच्या १६ मध्ये होत्या, तेव्हा इथे कोणी फार साजूक नाही. पॅक-ट्वेल्व्हचं मात्र खरंच वाईट वाटतं. २०२१ ची फायनल त्यांच्याच दोन टीममध्ये झाली होती, स्टॅनफर्ड ५४ ॲरिझोना ५३, आणि तीन वर्षांत १२ पैकी १० टीम निघून गेल्या. हे सगळं अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांच्या पैशापायी, त्यात मुलींच्या बास्केटबॉलला कोण विचारतो.

पुतण्याला अजून एक विचारा, २०२५ पर्यंत बिग टेनमध्ये असताना कप किती जणींनी घेतला? एकच, पर्ड्यू, १९९९. मेरीलँडचा २००६ चा कप आहे, पण तेव्हा ती एसीसीत होती. हे उत्तर ग्रुपवर टाकताना माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न : मी रत्नागिरीत कॉलेजच्या टीममध्ये खेळते. आम्ही मैत्रिणी अमेरिकेतल्या कॉलेज टीमचं नेट रँकिंग (एनसीएएची क्रमवारी) बघत असतो. डिसेंबरपर्यंत कॉन्फरन्सचे नंबर खूप वरखाली होतात आणि जानेवारीनंतर जवळजवळ हलतच नाहीत, असं का?

उत्तर : भारी निरीक्षण आहे गं, अख्खी गोष्ट इथेच आहे खरं तर.

असं बघ, गावातल्या चार वाड्या वर्षभर आपापसातच कबड्डी खेळल्या तर कुठली वाडी भारी ते कळेल, पण शेजारच्या गावापुढे आपलं गाव कसं आहे ते कसं कळणार? कॉन्फरन्सचं तेच. बिग टेनमध्ये १८ टीम प्रत्येकी १८ कॉन्फरन्स मॅच खेळतात, म्हणजे एकूण १६२ मॅच, त्यात १६२ विजय आणि १६२ पराभव, कोणी काहीही करो. एकीने वर उडी मारली की दुसरी खाली येते आणि सरासरी तिथल्या तिथे. त्यामुळे कॉन्फरन्सची खरी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्यांशी खेळतात तेव्हाच होते, आणि जानेवारीत सगळे तोच निकाल आपापसात वाटून घेतात. फेब्रुवारीत कोणी म्हणालं की आमची कॉन्फरन्स इतकी टफ आहे की सगळ्याच एकमेकींना हरवतायत, तर दुर्लक्ष कर, सगळ्याच मध्यम असल्या तरी हेच होतं.

नेट मुलींसाठी २०२०-२१ पासून आलं. आधी आरपीआय नावाची क्रमवारी होती, त्यात स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना उरलेले २५. म्हणजे नुसतं तगड्या कॉन्फरन्समध्ये बसून हरत राहिलं तरी नंबर बरा दिसायचा. नेटमध्ये दर पझेशनमागे, म्हणजे बॉल ताब्यात आल्यावर दर वेळी, किती पॉइंट केले आणि किती दिले ते समोरची टीम आणि मैदान बघून मोजतात, तेव्हा फसवाफसवी कमी, तरी मोठ्या कॉन्फरन्सचा फायदा राहतोच, कारण तगड्या टीमविरुद्ध खेळायचे चान्स त्यांना आठवड्याला मिळतात आणि छोट्यांना वर्षातून मोजकेच. त्यात मुलींच्या स्पर्धेत सगळ्यात वरच्या १६ टीमना पहिल्या दोन राउंड घरच्या कोर्टवर मिळतात. म्हणून १९९८ ला हार्वर्डने आपल्या विभागात १६ वी, म्हणजे शेवटची सीड (मानांकन) असून एक नंबरच्या स्टॅनफर्डला तिच्याच घरात ७१-६७ हरवलं त्याचं मला आजही कौतुक आहे.

प्रश्न : ताईनू, मी मालवणचो. लांबण नको, खयची कॉन्फरन्स भारी तेवढाच सांगा. आणि फायनल आपल्याकडे किती वाजता लागता?

उत्तर : २०२५ पुरतं विचारशील तर एसईसी. शेवटच्या चारमध्ये दोन टीम, साउथ कॅरोलायना आणि टेक्सस, बाकी कोणाच्या दोन नव्हत्या. त्या वर्षीची फायनल तिकडे रविवारी दुपारी तीनला होती म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा, सोमवार लागलेला. मोबाइल आधीच फुल चार्ज करून ठेव, एप्रिलात लाइटचा भरवसा नाही.