सार्वभौम निधीतली नोकरी की प्रायव्हेट इक्विटी? एका सीएसमोरच्या दोन ऑफर

प्रश्न नेहमीचा होता. अबुधाबीच्या एका सरकारी फंडाची ऑफर हातात आहे, मुंबईतल्या प्रायव्हेट इक्विटी फंडाचीही (शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांत हिस्सा घेणारा फंड) आहे, कोणती घ्यावी? विचारणारी सीए तिशीतली, बीकेसीतल्या इन्व्हेस्टमेंट बँकेत चार वर्षं डील केलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या वडिलांच्या लेखी फंड सरकारचा म्हणजे नोकरी सरकारी, आणि सरकारी म्हणजे कायमची. सोबत काम करणाऱ्यांचं म्हणणं उलट: तिथे गेलीस की डील करायची सवय सुटेल.

दोघंही फंडाच्या नावावरून बोलत होते, आणि या निर्णयात सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. 'सार्वभौम निधी', म्हणजे सरकारच्या मालकीचा गुंतवणूक फंड, या एकाच पाटीखाली अगदी वेगवेगळी कामं चालतात. नॉर्वेचा निधी तेलाचा पैसा देशाबाहेर गुंतवतो आणि त्यातला मोठा भाग शेअर बाजारात असतो, त्यामुळे तिथलं करिअर मुख्यतः लिस्टेड कंपन्यांचं. सिंगापूरची जीआयसी १९८१ पासून सरकारची गंगाजळी सांभाळते आणि २० वर्षांचा, महागाई वजा जाता परतावा जाहीर करते. त्याच देशातली १९७४ ची टेमासेक मात्र स्वतःच कंपन्यांची मालक आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये उभा राहिलेला एनआयआयएफ (राष्ट्रीय गुंतवणूक आणि पायाभूत सुविधा निधी) मुंबईत बसून देशातल्याच पायाभूत प्रकल्पांत पैसा घालतो. त्यात केंद्राचा वाटा ४९ टक्के, बाकीच्यांत अबुधाबीचा सार्वभौम निधी आडिया (ADIA) आणि टेमासेकही आहेत. देश न सोडता असं काम करायचं असेल तर हा पर्याय आधी बघावा.

म्हणून आम्ही तिला पहिला प्रश्न विचारला: तुम्हाला नेमकं कोणतं डेस्क, म्हणजे कोणत्या टीमचं काम, देऊ केलं आहे? ऑफर लेटरमध्ये नुसतंच 'प्रायव्हेट इक्विटीज' होतं. अशा विभागात तीन कामं असू शकतात. एक, बाहेरचे फंड मॅनेजर निवडून त्यांच्या फंडात पैसे देणं. दोन, त्या मॅनेजरच्या एखाद्या डीलमध्ये शेजारी उभं राहून थेट हिस्सा घेणं, म्हणजे को-इन्व्हेस्टमेंट. इथे मॅनेजरची फी बहुधा कमी किंवा शून्य असते, म्हणून मोठ्या निधींना ती आवडते. पण डील आणलेली आणि रचलेली असते मॅनेजरनेच. तीन, स्वतः कंपनी शोधून, किंमत ठरवून, बोर्डावर माणूस बसवून केलेली गुंतवणूक. पहिल्या डेस्कवर चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाकडे शेकडो मॅनेजरांची पारख येते, आणि ती पेन्शन फंडात किंवा मोठ्या फॅमिली ऑफिसात (श्रीमंत कुटुंबाचा पैसा सांभाळणारी कचेरी) विकली जाते. पण पुन्हा प्रायव्हेट इक्विटीत जायचं म्हटलं की मुलाखतीत 'तुम्ही चालवलेली डील सांगा' यावर उत्तर नसतं. सवय सुटते ती अशी, आणि ती फक्त पहिल्या डेस्कवर.

मग पैसा. मुंबईच्या ऑफरमध्ये पगार कमी आणि कॅरी जास्त होती, म्हणजे फंडाच्या नफ्यातला वाटा. समजा फंड २,००० कोटींचा आहे आणि दुप्पट झाला. नफा २,००० कोटी, त्याच्या २० टक्के म्हणजे ४०० कोटी कॅरी, त्यात तिचा वाटा अर्धा टक्का: २ कोटी. आकडा खरा आहे, पण त्याआधी गुंतवणूकदारांना साधारणपणे वर्षाला ८ टक्के चक्रवाढ परतावा मिळायला हवा असतो. पैसे पाच वर्षांत दुप्पट झाले तर परतावा १४.९ टक्के, कॅरी मिळते. तेच दुप्पट व्हायला दहा वर्षं लागली तर ७.२ टक्के, आणि कॅरी शून्य. शिवाय वाटा वर्षागणिक पक्का होतो. मध्येच सोडलं तर उरलेला जातो. तेव्हा त्या फंडाच्या आधीच्या फंडांनी गुंतवणूकदारांना रोख किती परत दिलं, हे विचारल्याशिवाय २ कोटी हिशोबात धरूच नयेत.

अबुधाबीत पगारावर आयकर नाही. म्हणून मंडळी एकूण पगार बघतात आणि मूळ पगार बघायचं विसरतात. अमिरातीच्या कामगार कायद्यात ग्रॅच्युइटी मूळ पगारावर असते: पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवस. महिना ४०,००० दिरहॅमपैकी मूळ पगार २०,००० असेल तर पाच वर्षांनी हातात ७०,०००, म्हणजे एकूण पगाराच्या दोन महिन्यांहूनही कमी. सरकारी संस्थांचे नियम वेगळे असू शकतात, ते करारात वाचावेत. इथल्यासारखा पीएफही नसतो, बचत स्वतःच करायची. आणि वडिलांच्या समजुतीबद्दल स्पष्ट बोलावं लागलं: परदेशी माणसासाठी ही कराराची नोकरी आहे, व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, वरच्या जागांवर स्थानिक नागरिकांना प्राधान्य असणं हे तिथलं उघड धोरण आहे.

तिने फंडाला चार प्रश्न लिहून पाठवले. या टीमने गेल्या १२ महिन्यांत किती थेट गुंतवणुका केल्या? गुंतवणूक समितीपुढे मेमो (गुंतवणुकीचा लेखी प्रस्ताव) कोण मांडतं? बोनसचा किती भाग पुढच्या वर्षांवर टाकला जातो आणि सोडल्यास त्याचं काय होतं? या पातळीवरच्या परदेशी लोकांना गेल्या काही वर्षांत बढती मिळाली का? तिसऱ्याचं उत्तर फारसं गोड नव्हतं, सोडल्यास राखलेला बोनस बुडतो. पण डेस्क को-इन्व्हेस्टमेंट आणि थेट गुंतवणुकीचं निघालं, विषय पायाभूत सुविधा, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. मुंबईचा फंड पहिलाच होता, आधीचा हिशोब दाखवायला नव्हता. तिने अबुधाबी घेतली. फंड पहिला नसता तर आमचा कल मुंबईकडे असता.

राहिली रुजू व्हायची तारीख. फंडाने १५ ऑक्टोबर दिली होती. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तरच अनिवासी ठरतो. नाहीतर मार्चपर्यंतच्या तिथल्या पगारावर इथे कर लागतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबर हा १८१वा दिवस. विनंती करून तिने २० सप्टेंबरला निघायचं ठरवलं, म्हणजे १७३ दिवस. मार्चअखेरपर्यंत घरी यायला आठच दिवस उरतात, आणि येण्याजाण्याचे दिवसही त्यातच धरलेले बरे. निघाल्यावर बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करायचं, म्युच्युअल फंडाची केवायसी बदलायची. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.